दिवाळीआधी रंगवलेली भिंत : सांगलीतल्या पूरग्रस्त घरातली ओल आणि आठ वर्षांच्या मुलाचा खोकला

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की सांगलीत इशारा मिळतो आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. दोन्ही वेळा नदीकाठच्या वस्त्यांमधले आणि मारुती चौकासारख्या बाजारभागातले तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर चिखल काढला गेला, पंचनामे झाले आणि दिवाळीच्या आत घरं रंगवूनही झाली. भिंतींनी पिऊन घेतलेलं पाणी मात्र भिंतींतच राहिलं.

इथे मांडलेलं घर एका पत्त्यावरचं नाही. सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या तळमजल्यांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात त्या एकत्र करून उभं केलेलं हे नमुना प्रकरण आहे. घरातल्या मोजण्या आणि खोकल्याचा क्रम त्या नमुन्याचाच भाग आहे. भिंतीचं, बुरशीचं आणि फुप्फुसांचं शास्त्र मात्र कुठल्याही घरात हेच राहतं.

घर आणि माणसं

तळमजल्यावर तीन खोल्या. जोतं काळ्या दगडाचं, वर ९ इंची विटांच्या भिंती. विटांमधले मूळ सांधे, म्हणजे दरजा, चुन्याच्या, त्यावर वीसेक वर्षांपूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा. मागची खोली उत्तरेला आहे. तिच्या बाहेर जेमतेम तीन फुटांचा बोळ आणि बोळात भिंतीला खेटून गटार, त्यामुळे या भिंतीला वर्षभर ऊन लागत नाही. वरच्या मजल्याचं न्हाणीघर नेमकं याच खोलीच्या कोपऱ्यावर आलेलं आहे.

घरात चार माणसं: नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आजी. आजीला मधुमेह आहे आणि निम्मं आयुष्य चुलीपुढे गेल्यामुळे दमही लागतो. आजी आणि नातू मागच्या खोलीत झोपतात. पलंग प्लायवूडचा, खाली पेटी असलेला, उत्तरेच्या भिंतीला टेकवलेला. पेटीत गोधड्या आणि जुनी पुस्तकं.

२०२१ च्या पुरात या खोलीत सुमारे चार फूट पाणी होतं. ते ओसरल्यावर अडीच महिन्यांनी पोपडे खरवडून भिंतीला पुट्टी आणि वर प्लास्टिक इमल्शन लावलं. पुढच्या जुलैत रंगाला फोड आले. त्यावर उपाय म्हणून भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल्स बसवल्या. पुढच्या पावसाळ्यात ओल टाइल्सच्या वर, साडेपाच फुटांवर दिसू लागली. पलंगामागे आणि छताच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके आले. दार बंद राहिलं की खोलीत कुबट वास कोंडायचा, म्हणून रोज संध्याकाळी धूप आणि रात्री डासांची कॉइल लावली जायची.

मुलाचा खोकला जुलैत सुरू व्हायचा तो संक्रांतीपर्यंत टिकायचा. रात्री दोन-तीनच्या सुमाराला जास्त, छातीत शिट्टीसारखा आवाज, पहाटे शिंकांची रांग. वर्षात चार-पाच वेळा प्रतिजैविकांचा कोर्स आणि खोकल्याच्या बाटल्या. घरात एकच समजूत होती: पावसाळी हवा आहे, पावसाळा सरला की जाईल.

दुवा कसा सापडला

मुलाच्या आजोळाने हे कोडं सोडवलं. आजोळ आटपाडीला, म्हणजे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा तिकडे गेला की चार-पाच दिवसांत खोकला थांबायचा आणि सांगलीला परतल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू व्हायचा. मुलगा तोच आणि महिनाही तोच, बदलत होतं ते फक्त घर. दम्याच्या रुग्णाला विचारायचा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न आहे: कुठे गेलात की बरं वाटतं?

प्रश्नावर न थांबता मोजमाप करावं. श्वास किती जोरात बाहेर टाकता येतो हे मोजणारा पीक फ्लो मीटर औषधाच्या दुकानात मिळतो. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, उभं राहून, तीन वेळा जोरात फुंकर मारायची आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. या मुलाच्या उंचीला आकडा मिनिटाला २३०-२४० लिटरच्या आसपास हवा. या मुलाचे सकाळचे आकडे घरी १७० ते १८० यायचे आणि आजोळी आठवड्याभरात २२५ वर जायचे. शेजारच्या रकान्यात रात्री किती वेळा उठला, पंप (इनहेलर) किती वेळा घ्यावा लागला आणि कुठल्या खोलीत झोपला हे लिहायचं. असा दोन-तीन आठवड्यांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की बोलणं खोकल्याच्या बाटलीवरून दम्यावर येतं.

डॉक्टरांनी आधी बाकीच्या शक्यता बाजूला केल्या, आणि तोच क्रम बरोबर आहे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. घरात ओल सापडली म्हणून ती टाळायची नाही. क्षय नव्हता. फुंकर-चाचणीत श्वासनलिका आवळलेल्या दिसल्या आणि औषध दिल्यावर सैल झाल्या. मुलाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावून रोजचा प्रतिबंधक पंप सुरू झाला. “पंपाची सवय लागते” ही भीती घराघरांत आहे आणि ती खोटी आहे. पंपातलं औषध तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं. पण रोज रात्री आठ तास मूल त्याच भिंतीशेजारी झोपणार असेल, तर पंपाचा डोस चढत जातो आणि भिंत आहे तशीच राहते.

ओलीने नेमकं काय होतं

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दम्याची सुरुवात, असलेल्या दम्याचा भडका, खोकला, घरघर, धाप आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा ओलसर घरांशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच दस्तऐवजातली आणखी एक गोष्ट कामाची आहे. हवेत बुरशीचे इतके कण असले तर सुरक्षित आणि इतके असले तर धोका, असा आकडा ठरवता येत नाही. म्हणून घरात बशी उघडी ठेवून बुरशी मोजून देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. जुलैत सांगलीच्या बाहेरच्या हवेतही बुरशीचे बीजाणू भरपूर असतात, बशीत काहीतरी उगवणारच. भिंत ओली असेल, वास येत असेल, ठिपके दिसत असतील, तर काम सुरू करायला एवढं पुरतं.

भिंतीवर बहुधा अॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम अशा बुरशा असतात. बीजाणू काही मायक्रॉनचे, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, त्यामुळे ते नाकात न अडकता खोल जातात. वाळलेल्या बुरशीचे त्याहून बारीक तुकडेही हवेत उडतात. महत्त्वाचं म्हणजे बुरशी मेली तरी तिची प्रथिनं श्वासनलिकेला तितकीच खुपतात. म्हणून नुसती मारून भागत नाही, ती पुसून बाहेर काढावी लागते. ओलसर गादीत धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही वाढतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा अंगात शोषून जगतात. या मुलाच्या शिंकांत माइट्सचा वाटा बुरशीएवढाच असू शकतो. सुदैवाने दोन्हींवरचा उपाय एकच, तो म्हणजे कोरडेपणा.

आजीची भीती वेगळी होती. २०२१ मध्ये कोरोनानंतर “काळ्या बुरशी”ने माणसं गेली, डोळे गेले, हे सगळ्यांनी पाहिलं. भिंतीवरचा काळा थर बघून आजीला तेच आठवायचं. तो आजार म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी वेगळ्या गटातली, आणि तो मुख्यतः अनियंत्रित साखर, स्टेरॉइडचा मारा आणि खचलेली प्रतिकारशक्ती यांमुळे होतो. भिंतीवर काळे डाग दिसले म्हणजे म्युकर झाला असं नाही. तरीही आजीची साखर ताब्यात ठेवणं आणि भिंत खरवडताना आजीला घरात न ठेवणं हे दोन्ही करायचंच.

दम्याच्या काही रुग्णांत अॅस्परजिलसची तीव्र अॅलर्जी फुप्फुसात घर करते. पंप नीट घेऊनही दमा आवरत नसेल, तर रक्तातला एकूण आयजीई (अॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि अॅस्परजिलसविरुद्धचा आयजीई तपासायला डॉक्टरांना सांगावं. दुसरा आजार आहे अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा न्यूमोनायटिस. त्यात फुप्फुसाचा स्पंज हळूहळू कडक होत जातो. भारतातल्या १,०८४ रुग्णांची फुप्फुसांच्या अशा आजारांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना हाच आजार होता आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी हवेचा कूलर होता. सांगलीचा उन्हाळा कूलरशिवाय जात नाही. त्याचं गवत दर हंगामात बदला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासून वाळवा, आणि कूलरच्या तोंडापाशी वास येत असेल तर तो चालवूच नका.

ओल कुठून येते: तपास

इथे घाई झाली की सगळा खर्च वाया जातो. ओलीचे मार्ग चार: जमिनीतून वर चढणारी, नळातून किंवा छतातून गळणारी, बाहेरून भिंतीत शिरणारी आणि घरातल्या वाफेची. या घरात चारही होते.

पहिली पाहणी डोळ्यांनी. टाइल्स काढल्यावर भिंतीवर आडवी, नागमोडी रेघ दिसली. खाली गडद ओल, रेघेवर पांढरा भुसभुशीत लोणा. लोणा म्हणजे पाण्याबरोबर जमिनीतून वर आलेले क्षार. जिथे पाणी उडून जातं तिथे ते मागे राहतात आणि गिलावा फोडतात. अशी चढती ओल साधारणपणे तीन-साडेतीन फुटांवर थांबते, कारण तिथपर्यंत पोचेतो ती भिंतीच्या अंगावरून उडून जाते. टाइल्सनी आणि प्लास्टिक रंगाने उडायची वाटच बंद केली, म्हणून पाणी आणखी वर गेलं. वॉटरप्रूफ रंग आतल्या बाजूने लावला तरी हेच होतं. पीव्हीसी पॅनेल लावलं तर बुरशी पॅनेलच्या मागे वाढते, एवढाच फरक.

दुसरी पाहणी फॉइलने. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा एक फूट चौरस तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर ४८ तास ठेवायचा. फॉइलच्या मागे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, पुढच्या अंगावर आले तर खोलीतल्या हवेतून. या घरात जमिनीपासून दोन फुटांवर थेंब मागे होते, छताजवळच्या कोपऱ्यात पुढे. एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन रोग आहेत हे या दोन तुकड्यांनी दाखवलं.

तिसरी, न्हाणीघराची. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) फडक्याने आणि प्लास्टिकने घट्ट बुजवून दोन इंच पाणी साठवलं, कडेला पेन्सिलने खूण केली आणि ४८ तास थांबले. पातळी पाऊण इंच खाली गेली आणि खालच्या कोपऱ्यातला डाग ओला झाला. ट्रॅपचा पाइपाशी असलेला सांधा सुटलेला होता. नळाची गळती वेगळी तपासायची: रात्री सगळ्या तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहायचा आणि सकाळी पुन्हा पाहायचा.

चौथी, बाहेर बोळात. गेल्या काही वर्षांत जुनं खरवडून न काढता त्यावरच काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक असे थर चढत गेले. जोत्याचा माथा पूर्वी बोळापासून दीड फूट उंच होता, आता जेमतेम चार इंच. पन्हाळीचा पाइप जमिनीच्या चार फूट वरच संपत होता आणि त्याचं पाणी भिंतीवरच उडत होतं. गटाराला भिंतीकडच्या बाजूने भेग. माझ्या मते सांगलीतल्या जुन्या घरांच्या ओलीचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. रस्ता वर येतो आणि घर खड्ड्यात जातं. साताऱ्याच्या बाजूला, महाबळेश्वरात, धो-धो पावसाचा मारा भिंतीवर बसू नये म्हणून घरांना गवताच्या झडी बांधायची रीत आहे. तिकडचा शत्रू बाजूने येतो, इथला पायातून.

पाचवी, वाफेची. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर २२ लिटरपेक्षा जास्त पाणी घरात सोडतं, आणि भाताची-डाळीची वाफ वेगळी. या घरात धुराडं नाही, एक्झॉस्ट नाही आणि पावसाळ्यात धुणं मागच्या खोलीत वाळतं. हायग्रोमीटरवर रात्री आर्द्रता ७५ टक्के आणि तापमान २६ अंश दिसायचं. ऐकायला ७५ टक्के फार वाटत नाही. पण ओली, उन्हाविना राहिलेली भिंत २३ अंशांवर असेल, तर तीच हवा भिंतीलगत जवळजवळ ९० टक्क्यांवर जाते. भिंतीच्या अंगावर ८० टक्के दमटपणा काही दिवस टिकला की बुरशी धरते. पलंग टेकवलेल्या जागी हवा फिरत नाही, म्हणून ठिपके आधी तिथे.

भिंतीत किती पाणी?

हा हिशोब घरातल्यांना सांगितला की पुढचं सगळं पटतं. मागची भिंत १२ फूट लांब. तिचा खालचा चार फूट भाग, ९ इंच जाडी, म्हणजे सुमारे एक घनमीटर वीटकाम, वजन अठराशे किलो. त्यात १० टक्के ओल असेल तर १८० लिटर पाणी, म्हणजे प्लास्टिकचं मोठं पिंप जवळपास भरेल एवढं. ते दोन-अडीच महिन्यांत जाणार नाही. बांधकामातला ठोकताळा असा की भिंत चांगल्या हवेतही इंचाला महिना या वेगाने वाळते. जुलै-ऑगस्टच्या पुरानंतर दिवाळीपर्यंतचा काळ तर बहुतेक दमटच असतो. सांगली शहराचा खरा वाळवणीचा हंगाम नोव्हेंबर ते मे. दिवाळीला रंगवणं म्हणजे पिंपाला झाकण लावणं.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोदलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण तिथली माती कोरडी. ज्या गावाने कोरड्या मातीवर व्यापार उभा केला, तिथल्या माणसांना ओल म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. हळदीचं पोतं भिंतीला टेकवू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पलंगाच्या बाबतीत मात्र ते विसरलं जातं.

काम, ज्या क्रमाने झालं

नोव्हेंबरमध्ये फक्त पाणी थांबवलं. न्हाणीघराचा ट्रॅप नवा बसवला, फरशी आणि एक फूट भिंतीला वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि पुन्हा ४८ तास पाणी साठवून पाहिलं. पन्हाळीचा पाइप चेंबरपर्यंत नेला. गटाराची भेग बुजवली. भिंतीला चिकटलेलं काँक्रीट एक फूट रुंदीत काढून जोत्याच्या माथ्याखाली आठ इंचांपर्यंत चर खोदला, तळाला उतार दिला आणि २० मिलिमीटरच्या खडीने भरला. अख्ख्या बोळाची उंची खाली आणणं महापालिकेच्या हातात आहे. तसा अर्ज सगळ्या बोळाने मिळून करावा लागतो, एका घराच्या सहीला वजन येत नाही.

डिसेंबरात गिलावा उतरवला. त्या आठवड्यात आजी आणि मुलगा आटपाडीला. हे पथ्य मोडू नये, कारण खरवडताना हवेत जेवढी बुरशी उडते तेवढी एरवी महिन्यातही उडत नाही. खोलीचं दार प्लास्टिकने बंद, पंखा बंद, खिडकी उघडी. काम करणाऱ्यांच्या तोंडाला एन ९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. फडकं बांधून चालत नाही. भिंत आधी फवाऱ्याने हलकी ओली केली, मग ओलीच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत गिलावा काढून लगेच पिशव्यांत भरला. कोरडा झाडू वापरायचा नाही, जमीन ओल्या फडक्याने पुसायची. पलंग, गादी आणि पुस्तकं टाकून दिली. प्लायवूडमध्ये आणि कापसात शिरलेली बुरशी धुऊन निघत नाही. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्या.

छताच्या कोपऱ्यातली बुरशी साध्या डिटर्जंटच्या पाण्याने पुसली: लिटरला एक चमचा, स्पंजने, दोनदा पाणी बदलून, मग कोरड्या फडक्याने. ब्लीचचा आग्रह सगळीकडे दिसतो. गिलाव्यासारख्या सच्छिद्र पृष्ठावर त्यातलं क्लोरिन वरच संपतं आणि पाणी आत मुरतं. डाग पांढरा होतो एवढंच. आणि संडासच्या अॅसिडबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो, दम्याच्या माणसाला तर काही श्वासांतच.

उघड्या विटांच्या दरजा अर्धा इंच खोल खरवडल्या. वर येणारा लोणा दर आठवड्याला कोरड्या कडक ब्रशने झाडून, सुपडीत गोळा करून बाहेर टाकला. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत विटेत जातात, त्यामुळे मेहनत वाया जाते. भिंत डिसेंबर ते एप्रिल तशीच उघडी राहिली. घरच्यांना सगळ्यात जड गेलं ते हेच. पाहुणे येतात, भिंत नागडी दिसते, गवंडी म्हणतो वाळली की. हात लावून वाळलेली वाटणारी वीट आत ओली असू शकते. दर महिन्याला फॉइल लावून पाहिलं. मार्चअखेर ४८ तासांत मागे थेंब आले नाहीत, एप्रिलमध्येही नाहीत, तेव्हा गिलाव्याला हात घातला.

गिलावा सिमेंटचा नाही, चुन्याचा: एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. सुमारे ८४ चौरस फुटांवर दोन थरांत मिळून २० मिलिमीटरसाठी साधारण साडेपाच घनफूट माल लागला, दरजांचा वेगळा. कळीचा चुना भिजवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर नाही. उलटं केलं तर उकळता चुना डोळ्यांत उडतो. भिजलेला चुना किमान १५ दिवस झाकून ठेवला. पहिला १२ मिलिमीटरचा थर ओरखडे पाडून सोडला, आठवड्याने दुसरा. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात चुना वरून भर्रकन वाळतो, मग केसासारख्या भेगा पडतात. म्हणून दहा दिवस ओलं गोणपाट लटकवलं. जमिनीपासूनचे दोन इंच गिलावा न करता सोडले, म्हणजे फरशीची ओल गिलाव्यात चढत नाही. मे महिन्यात चुन्याचे तीन हात दिले. पुट्टी नाही, इमल्शन नाही. भिंतीला हात लावला तर पांढरी पूड लागते, अशी तक्रार होते आणि ती खरी आहे. एवढं सोसावं लागतं.

भिंतीत भोकं पाडून ओलरोधक रसायन भरायचा पर्याय गुत्तेदाराने सुचवला होता. तो घेतला नाही. सलग विटांच्या भिंतीत ते चालतं, पण खाली दगडी जोतं आणि आतल्या पोकळ्यांत कुठे काय भरलंय हे माहीत नसताना रसायन वाट फुटेल तिकडे जातं.

स्वयंपाकघरात ९ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. स्वयंपाक सुरू झाल्यापासून संपल्यावर वीस मिनिटांपर्यंत तो चालू ठेवायचा, आणि हवा आत यायला दुसऱ्या खोलीची खिडकी बोटभर उघडी. धुणं वरच्या मजल्यावरच्या छपराखाली गेलं. लोखंडी पलंग आला, भिंतीपासून सहा इंच. धूप आणि कॉइल बंद झाली, मच्छरदाणी आली. पावसाळ्यात खिडकी उघडली की भिंत वाळते असं नाही. जुलैची बाहेरची हवाच ८५-९० टक्के दमट असते. तिने आतली वाफ बाहेर जाते, एवढाच फायदा. भिंत वाळते ती थंडीतल्या दुपारच्या कोरड्या वाऱ्याने.

पुढचा पावसाळा

जुलै ते सप्टेंबर मागच्या खोलीची आर्द्रता ६२ ते ७० टक्क्यांत राहिली. पलंगामागे ठिपके आले नाहीत. बोळाकडच्या कोपऱ्यात हातभर जागेत लोणा पुन्हा दिसला. तो गटाराचा आहे आणि बोळ खाली आल्याशिवाय पूर्ण जाणार नाही. मुलाचे सकाळचे पीक फ्लोचे आकडे २१०-२२५ वर राहिले. रात्रीचा खोकला आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला, पण पूर्ण गेला नाही. पंपाची मात्रा डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पहिल्यांदा उतरवली. घर कोरडं झालं म्हणून घरच्यांनी पंप स्वतःहून बंद केला नाही, हे बरं झालं. आजीचा दम आहे तसाच आहे. चुलीने केलेली इजा भिंत सुधारून भरून येत नाही. सर्दी-कफाचे फेरे मात्र कमी झाले.

इंग्लंडमधल्या रॉशडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं मूल दगावलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या कोरोनरने, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काशी जोडलं. त्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना वर रंग लावायला सांगितलं गेलं होतं. त्या मुलाच्या नावाने पुढे तिकडे कायदा झाला. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना रंगाचा डबा पुढे करणारे घरमालक इथेही भेटतात. अशा वेळी फॉइलचा, क्षारांच्या रेघेचा आणि पीक फ्लोच्या वहीचा तारखेसह फोटो तोंडी वादापेक्षा जास्त कामाला येतो.

पुन्हा पाणी आलंच तर पहिल्या दोन दिवसांत करायचं ते असं: वीज मुख्य बटणावरून बंद, गाद्या-प्लायवूड बाहेर, चिखल वाळायच्या आत धुऊन काढणं, भिंतीजवळचं सगळं सामान खोलीच्या मध्यात, दारं-खिडक्या उघडी आणि वीज सुरक्षित झाल्यावर पंखे. चुन्याचा गिलावा खरवडायची गरज बहुधा पडणार नाही, त्यातून पाणी आपसूक बाहेर पडतं. पाणी कुठपर्यंत चढलं ती रेघ भिंतीवर पेन्सिलने आखून तारीख लिहायची, आणि दर महिन्याला ओल कुठपर्यंत उतरली ती नवी रेघ. या घरात दाराआड अशा सहा रेघा आहेत. सगळ्यात खालची मे महिन्याची, जमिनीपासून चार बोटांवर.